वेग पाहिला, आता ताळा दाखवा

जुलै २०१७. बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातले शेतकरी दिंद्रुड पोलीस ठाण्यात गेले आणि त्यांनी थेट हवामान खात्याविरुद्ध तक्रार दिली. पाऊस चांगला होणार म्हणून सांगितलं, आम्ही पेरलं, पाऊस आलाच नाही, बियाणं आणि खत मातीत गेलं, असं त्यांचं म्हणणं. खात्याचं बियाणे आणि कीटकनाशक कंपन्यांशी साटंलोटं असल्याचा आरोपही त्यांनी केला. आरोप बाजूला ठेवा, त्यामागचं दुखणं बघा. अंदाज चुकला तर माणूस समजून घेतो. आभाळ कुणाच्या बापाचं नाही, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. पण चुकल्यावर समोर येऊन कुणीच उत्तर देत नाही, तेव्हा तो ठाण्याची पायरी चढतो.

त्यानंतर सहा महिन्यांत, जानेवारी २०१८मध्ये, पुण्याच्या पाषाणमधल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘प्रत्युष’ हा महासंगणक सुरू झाला. वेग ४ पेटाफ्लॉप्स. सप्टेंबर २०२४मध्ये त्याच संस्थेत ‘अर्क’ आला. वेग ११.७७ पेटाफ्लॉप्स. अर्क आणि नोएडातला त्याचा जोडीदार ‘अरुणिका’ यांच्यावर मिळून ८५० कोटी रुपये खर्च झाले. सात वर्षांच्या आत वेग जवळपास तिप्पट झाला. या काळात दिंद्रुडच्या शेतकऱ्याचा विश्वास किती पट झाला, हे कुणी मोजलं?

शाळेत गुरुजी बेरीज तपासताना एक प्रश्न हमखास विचारायचे : उत्तर लिहिलंस, ताळा कुठाय? या आठवड्यात मला तेवढंच विचारायचं आहे.

*

आधी वेगाचं बघू. पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी आकडेमोड. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त जी संख्यास्थानं दिली आहेत, त्यांत या स्थानाला ‘अंत्य’ म्हटलं आहे. म्हणजे अर्क सेकंदाला जवळपास बारा अंत्य गणितं करतो. याचा अभिमान वाटायलाच हवा. १९८०च्या दशकात अमेरिकेनं आपल्याला हवा तो महासंगणक द्यायला नकार दिला, त्यातून १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ तयार झाला. पुण्याच्या मातीत ही विद्या रुजून तीन दशकं उलटली.

पण बारा अंत्य गणितं करणारं यंत्र बारा अंत्य चुकाही तितक्याच वेगानं करू शकतं. वेग ही क्षमता आहे. विश्वास वेगळ्या खात्यात जमा होतो, आणि तो एकरकमी भरता येत नाही.

*

एकाच यंत्राचे दोन आकडे. सी-डॅकचा ‘ऐरावत’ २०२३मध्ये जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत ७५वा आला. त्या यादीच्या कसोटीत त्यानं दाखवलेला वेग होता साधारण ८.५ पेटाफ्लॉप्स. त्याच यंत्राचं वर्णन ‘२०० एआय पेटाफ्लॉप्स’ असंही केलं जातं. दोन्ही आकडे खरे आहेत. फरक तराजूचा आहे.

जुन्या कसोटीत प्रत्येक संख्या ६४ बिटांत लिहिली जाते, म्हणजे पंधरा-सोळा अंकांपर्यंत नेमकी. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे एआयच्या, कामाला इतकी नेमकी संख्या लागत नाही. तिथं १६ बिटांवर किंवा त्याहून कमीवर भागतं, म्हणजे फार तर तीन-चार अंकांची अचूकता. संख्या आखूड, म्हणून सेकंदाला होणारी गणितं जास्त. सोनाराचा काटा आणि लाकडाच्या वखारीतला काटा दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. पण वखारीच्या काट्यावरचं वजन सांगताना ते सोनाराच्या काट्यावरचं आहे असं गिऱ्हाइकाला वाटू देणं बरोबर नाही.

म्हणून पहिली मागणी : पेटाफ्लॉप्सचा आकडा छापाल तिथं काटा कोणता, तेही त्याच ओळीत आणि त्याच आकाराच्या अक्षरांत छापा. हे लपवल्यानं कुणाचा फायदा होत नाही. उलट जाणकाराला फरक कळतो तेव्हा त्याचा खऱ्या आकड्यावरचाही विश्वास उडतो.

*

आखूड संख्येनं काय होऊ शकतं, याचा धडा १९९१ सालचा आहे. सौदी अरेबियातलं दहरान, आखाती युद्ध, २५ फेब्रुवारी. तिथं तैनात अमेरिकेची पेट्रियट यंत्रणा येणारी क्षेपणास्त्रं हवेतच पाडण्यासाठी होती. तिचं आतलं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजायचं. आपल्या दशमान पद्धतीत १/३ लिहायला गेलं तर ०.३३३ असं संपतच नाही. संगणकाच्या द्विमान पद्धतीत १/१० तसंच संपत नाही. ते २४ बिटांत बसवण्यासाठी शेपूट कापलं गेलं.

कापलेला तुकडा नगण्य होता. पण यंत्रणा सलग शंभर तास चालू होती आणि प्रत्येक दशांश सेकंदाला तो तुकडा साचत गेला. शंभर तासांनी घड्याळ ०.३४ सेकंदांनी चुकलं होतं. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणेनं भलत्याच जागी पाहिलं, तिथं काही दिसलं नाही, आणि स्कड बराकीवर पडलं. २८ सैनिक ठार झाले.

खरं शिकायचं पुढे आहे. हा दोष आधीच माहीत होता. सुधारलेला प्रोग्राम तयार होता आणि तो दहरानला पोचला २६ फेब्रुवारीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी. त्याआधी तळांवर एक सूचना गेली होती : यंत्रणा फार वेळ चालू ठेवल्यास नेम ढळू शकतो. ‘फार वेळ’ म्हणजे किती तास, हे त्यात लिहिलं नव्हतं. यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली असती, तरी घड्याळ शून्यावर आलं असतं. एक आकडा लिहायचा राहिला आणि २८ माणसं गेली.

*

‘फार वेळ’चे भाऊबंद आपल्याकडेही आहेत. ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’, ‘बहुतांश ठिकाणी’. हे शब्द आपण पिढ्यान् पिढ्या रेडिओवर ऐकले आणि मोघम म्हणून सोडून दिले. ते मोघम नाहीत. हवामान खात्याच्या लेखी त्यांचे अर्थ ठरलेले आहेत. तुरळक म्हणजे विभागातल्या २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. काही ठिकाणी म्हणजे २६ ते ५० टक्के. बऱ्याच ठिकाणी म्हणजे ५१ ते ७५. बहुतांश म्हणजे त्याच्याही वर.

हा तक्ता शेतकऱ्याला कुणी शिकवला? ‘तुरळक’ ऐकून ज्यानं पेरलं, त्याला चारांतल्या निदान तीन केंद्रांवर पाऊस पडणार नाही, असंच सांगितलं गेलं होतं. ते त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. एवढा काटेकोर आकडा मोघम शब्दात गुंडाळून दिला आणि वर गैरसमजाचं खापर शेतकऱ्यावर फोडलं. संदेशात शब्दाशेजारी टक्केवारी लिहायला एक पैसाही जास्त लागत नाही.

*

आता यंत्राच्या पोटातलं. यंत्र बंद पडलं तर कळतं. यंत्र चालू असून चुकीचं उत्तर देत असेल तर कळत नाही, आणि तोच खरा धोका आहे.

१८ मे २००३. बेल्जियममधल्या स्कारबेक इथं मतदान यंत्रानं एका उमेदवाराला शक्य नसलेली मतं दिली. आकडेमोड तपासली तेव्हा जादा मतं निघाली बरोबर ४,०९६. म्हणजे दोनाचा बारावा घात. स्मृतीतला एकच बिट शून्याचा एक झाला होता. अंतराळातून येणाऱ्या किरणांमधला एखादा कण तिथं आदळला असावा, हे त्याचं सर्वांत संभाव्य स्पष्टीकरण मानलं गेलं. आकडा अशक्य होता म्हणून पकडला गेला. शक्य कोटीतला असता, तर तसाच निकालात गेला असता.

२०२१मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्याकडच्या एका प्रोसेसरचा एक कोअर (गणित करणारा भाग) १.१चा ५२वा घात काढताना पूर्णांकात १४२ हे बरोबर उत्तर देत होता. ५३वा घात विचारला की म्हणायचा शून्य. खरं उत्तर १५६. कुठे दिवा पेटला नाही, कुठे घंटी वाजली नाही. फाइलचा आकार शून्य समजला गेला आणि फाइली गायब होत राहिल्या. त्याच वर्षी गूगलच्या अभियंत्यांनीही असे ‘लहरी’ कोअर आपल्याकडे सापडल्याचं लिहून टाकलं. फेसबुकची मालक कंपनी मेटानं २०२४मध्ये लामा ३ हे एआय मॉडेल शिकवतानाचा हिशोबही उघड केला : १६,३८४ जीपीयू प्रोसेसर, ५४ दिवस, ४१९ अनपेक्षित खंड. त्यांतले सहा अशा गुपचूप चुकीमुळे.

या कंपन्यांवर टीका करायला जागा भरपूर आहे. पण इथं त्यांनी केलं ते बरोबर केलं. स्वतःच्या घरातली चूक शोधली, मोजली, आकड्यांसकट चव्हाट्यावर मांडली. असे निबंध उघड झाले, म्हणून इतरांनाही आपापली यंत्रं तपासता येतात. आपल्या सरकारी महासंगणकांत वर्षभरात किती नोड बिघडले, किती जॉब अर्ध्यात पडले, किती निकाल पुन्हा काढावे लागले, याचा असाच वार्षिक तक्ता संस्थेच्या दारावर लागला पाहिजे. यंत्र करदात्याचं आहे, मग त्याची प्रकृती करदात्यापासून का लपवायची?

*

चूक कशी कबूल करावी, हे जपानच्या क्योटो विद्यापीठाकडून शिका. डिसेंबर २०२१मध्ये त्यांच्या महासंगणकावर बॅकअपच्या प्रोग्राममध्ये गफलत झाली आणि संशोधकांचा ७७ टेराबाइट डेटा पुसला गेला. सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली. विद्यापीठानं आकड्यांसह जाहीर केलं, किती गटांचं काम गेलं ते सांगितलं, चार गटांचा डेटा परत मिळणार नाही हेही सांगितलं. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीनं, एचपीईच्या जपानी शाखेनं, दोष पूर्णपणे आमचा असं लिहून दिलं. नुकसान भरून निघालं नाही. पण पुढच्या वेळी ते विद्यापीठ ‘सगळं ठीक आहे’ म्हणेल, तेव्हा ऐकणाऱ्याला त्या शब्दाची किंमत माहीत असेल.

*

आता कृत्रिम बुद्धिमत्ता. तिची चांगली बाजू आधी सांगतो, कारण ती खरी आहे.

२०२५च्या खरिपाआधी केंद्रीय कृषी मंत्रालयानं १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मॉन्सून कधी येईल याचे संदेश मोबाइलवर पाठवले. चार आठवडे आधीपर्यंतचा अंदाज, आणि मराठीसह पाच भाषांत. त्यामागे गूगलचं न्यूरल जीसीएम, युरोपीय हवामान केंद्राचं एआयएफएस ही दोन एआय मॉडेलं आणि आपल्या हवामान खात्याच्या १२५ वर्षांच्या पावसाच्या नोंदी होत्या. त्या वर्षी मॉन्सून धावत आला. २६ मे रोजी मुंबई गाठली. त्याआधीचा लवकरात लवकरचा दिवस होता २९ मे. लोक म्हणाले, यंदा मृगाची वाट बघायला नको. आणि मग पाऊस वाटेत अडला. उत्तरेकडची त्याची वाटचाल जवळपास वीस दिवस थांबली. एआयनं हा खंड आधी सांगितला होता. मध्य प्रदेश आणि बिहारमधल्या शेतकऱ्यांना नंतर फोन करून विचारलं, तेव्हा ३१ ते ५२ टक्के जणांनी अंदाज बघून पेरणीबाबतचे निर्णय बदलल्याचं सांगितलं.

दुबार पेरणी म्हणजे काय, हे ज्यानं भोगलंय त्यालाच या वीस दिवसांची किंमत कळेल. बियाण्याची पिशवी दुसऱ्यांदा आणायला दुकानदाराकडे उधारी मागताना मान खाली जाते. ती वेळ टळली असेल, तर त्या संदेशाला माझा नमस्कार.

आणि म्हणूनच माझा आग्रह जास्त आहे. चांगल्या गोष्टीचा ताळा आधी करायचा असतो, कारण लोक तिच्यावर विसंबणार असतात.

*

एआयला हे ज्ञान आलं कुठून? एआयएफएस आणि त्याच्यासारखी मॉडेलं जगाच्या जुन्या हवामानावर शिकली आहेत. ते जुनं हवामान म्हणजे उपग्रह, फुगे, जहाजं यांच्या नोंदी आणि भौतिकशास्त्राची समीकरणं महासंगणकावर एकत्र करून रचलेला, १९४०पासूनचा तासातासाचा नकाशा. महासंगणकानं दशकं राबून पीक काढलं, त्या पिकावर एआय पोसली. धान्य खराब, तर भाकरी खराब.

शिवाय शिकलेल्याला न शिकवलेलं येतं का? शिकागो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांच्या चमूनं हे तपासलं. त्यांनी एका एआय मॉडेलला शिकवताना तिसऱ्या ते पाचव्या श्रेणीची सगळी भयंकर चक्रीवादळं शिकवणीतून काढून टाकली. मग पाचव्या श्रेणीच्या वादळाची परीक्षा घेतली. मॉडेलला त्याची खरी तीव्रता सांगता आली नाही. हा निष्कर्ष २०२५मध्ये प्रसिद्ध झाला. रोजच्या पावसात हुशार ठरलेलं मॉडेल कधी न पाहिलेल्या आपत्तीत तितकंच हुशार असेल, ही खात्री आपल्याला कुणी दिलेली नाही. आपल्या काळजाचा ठोका तर नेमका तिथंच चुकतो : कधी न पडलेला पाऊस, कधी न सरकलेला डोंगर.

म्हणून भौतिकशास्त्रावर चालणारं मॉडेल बंद करून टाकायचं आणि स्वस्तातल्या एआयवर सगळं सोपवायचं, हा मोह कुणाला झाला असेल तर त्यानं तो आवरावा. दोन वैद्यांनी नाडी पाहिली आणि मत जुळलं, तर औषध घ्यावं. जुळलं नाही, तर रोग्याला तसं सांगावं.

*

शेवटचा मुद्दा मातीचा. २६ मे २०२५ रोजीच हवामान अंदाजाची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. अंदाजासाठी पूर्वी देशाचे पाडलेले चौकोन १२ किलोमीटरचे होते, आता ६ किलोमीटरचे. ही खरी प्रगती आहे आणि ती पाषाणमधल्या आपल्या शास्त्रज्ञांची आहे. तरीही एक चौकोन ३६ चौरस किलोमीटरचा, म्हणजे जवळपास नऊ हजार एकरांचा. त्यात पाऊस पडला असं यंत्र म्हणालं आणि तुमच्या बांधावर कोरडं राहिलं, तर दोन्ही खरं असू शकतं.

ताळा करायला जमिनीवरचा मापक लागतो. महाराष्ट्रात महसूल मंडळाला एक स्वयंचलित हवामान केंद्र अशी रचना आहे, आणि मंडळात बरीच गावं असतात. दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. मदत या आकड्यावर ठरते, आणि मापक असतो दुसऱ्याच गावात. झाडाच्या आडोशाला बसवलेला, गाळानं तुंबलेला, महिनोन्‌महिने न तपासलेला एक मापक वरच्या बारा अंत्य गणितांना खोटं पाडू शकतो. महासंगणकाला ८५० कोटी मिळाले, ते मिळायलाच हवे होते. त्याच निश्चयानं मापकांच्या देखभालीला पैसे आणि माणूस मिळाला पाहिजे. विश्वासाची पहिली वीट तिथं आहे.

*

‘विश्वास तर पानिपतातच गेला’ असं आपण सहज म्हणून जातो. मला ते मान्य नाही. विश्वास परत मिळवता येतो. त्याची रीत जुनी आहे आणि ती गावच्या किराणा दुकानदारालाही ठाऊक आहे : वही उघडी ठेवायची.

प्रत्येक हंगाम संपला की तालुक्यागणिक तक्ता लावा. किती वेळा मुसळधार सांगितलं, त्यांतलं किती वेळा झालं, किती वेळा सांगूनही झालं नाही, किती वेळा न सांगता झालं. चारच रकाने. एआयचा अंदाज असेल तर मॉडेल कोणतं, ते कोणत्या वर्षांवर शिकलं आणि न पाहिलेल्या वर्षांवर कसं उतरलं, हेही लिहा. खाली उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याचं पद आणि फोन नंबर लिहा. तालुका कृषी कार्यालयाच्या भिंतीवर मराठीत चिकटवा.

आणि वाचकहो, तुम्हालाही एक विनंती. पुढच्या मृगाआधी मोबाइलवर पावसाचा संदेश येईल. तो वाचा, त्याचा उपयोग करा, पण जवळच्या कृषी कार्यालयात जाऊन एक प्रश्न जरूर विचारा : गेल्या वर्षी तुमचा अंदाज आमच्या तालुक्यात किती वेळा चुकला? ज्या दिवशी या प्रश्नाला आकड्यात उत्तर मिळेल, त्या दिवशी यंत्रावर विश्वास ठेवा. तोवर वेगाचे आकडे ऐकून घ्या आणि ताळा मागत राहा.